फक्कीची भिंत

सगुणाबाईंनी चपला काढल्या, जोडीनं बाजूला ठेवल्या, पदर खोचला आणि मगच रेघेच्या आत पाय टाकला.

रेघ कसली, फक्की. काळ्या रानात सकाळपासून मुठीमुठीनं सोडलेली चुन्याची पांढरी भुकटी. तिच्या आत ना भिंत होती ना छप्पर. ढेकळं होती, तुरीची वाळलेली खुंटं होती आणि वर उघडं आभाळ. घमेलं काखेत धरून उभ्या असलेल्या भागवत मिस्त्रीला हसू आवरेना.

“आक्का, घर व्हायचंय आजून. चपला काहून काढल्या?”

“हे दारच हाये ना?”

“दारच हे.”

“मंग?” म्हणून सगुणाबाई आत गेल्यासुद्धा.

आता म्होरकीच अनवाणी झाल्यावर मागच्या बायका काय करणार? त्यांनीही चपला काढल्या. बघता बघता उघड्या रानात, नसलेल्या दाराबाहेर चपलांची रांग लागली. रस्त्यानं जाणारा एक ट्रॅक्टरवाला थांबला, बराच वेळ बघत राहिला आणि निघून गेला. त्याला काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक.

ही मंडळी जालन्याच्या एकल महिलांच्या संस्थेची. नवऱ्यानं टाकलेल्या, नवरा गेलेल्या, लग्नाच्या वाटेलाच न गेलेल्या बायकांची संस्था, आणि ती उभी केली सगुणाबाईंनी. इतकी वर्षं तिचा सगळा पसारा भाड्याच्या खोल्यांत. एका घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की खोली सोडा, दुसऱ्याच्या वास्तूत दोष निघाला की खोली सोडा, तिसऱ्याला तर ‘असल्या बायकांचं’ येणंजाणंच खपायचं नाही. शेवटी कारभारी नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बदनापूरच्या अलीकडचं, रस्त्याला लागून असलेलं आपलं रान संस्थेच्या नावे करून दिलं. का दिलं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सही केली आणि मुलाकडं राहायला निघून गेला. तिथं आता संस्थेचं स्वतःचं कार्यालय व्हायचं होतं. कामाची दालनं, बैठकीची पडवी, अडल्यानडल्या बाईला काही दिवस टेकता येईल अशा खोल्या, आणि एक खोली खुद्द सगुणाबाईंची. त्यांना दुसरं घर नव्हतंच.

जागेची सगळी मांडणी आकांक्षाची. अंकुशनगरची पोर. वडील साखर कारखान्यात, बालपण कारखान्याच्या कॉलनीत, शिक्षण पुण्यात. इमारत कुठं बसवायची, पावसाचं पाणी कुठून वळवून विहिरीकडं न्यायचं, कुठलं झाड कुठं, पायवाट कशी जाणार, हे तिचं काम, आणि ते ती जीव ओतून करायची. ह्या रानात ती वेगवेगळ्या वेळी नुसती येऊन बसली होती. वारा कुठून येतो, सकाळची सावली कुठवर सरकते, सगळं बघून ठेवलं होतं. कोपऱ्यातल्या जुन्या बाभळीला धक्का लागू नये म्हणून अख्खी इमारत तिनं बाजूला घेतली होती. कागदावरचा नकाशा फार देखणा झाला. पण तो पसरून दाखवला तेव्हा बायका नुसत्या माना डोलवत बसल्या, आणि एकजण मनापासून म्हणाली की रांगोळी लई छान हे. तेव्हा आकांक्षानं ठरवलं, की नकाशा खऱ्या मापानं जमिनीवरच काढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाया खणायला जेसीबी येणार होता. त्याआधी एक दिवस बायकांनी ह्या घरात राहून बघावं.

राहून म्हणजे हिंडून, असं तिच्या मनात होतं. बायका राहिल्याच.

शालू नावाची संस्थेतली तरणी कार्यकर्ती, तिनं स्वयंपाकघराच्या रेघांत स्टोव्ह मांडला आणि चहाचं आधण ठेवलं. पडवीत डबे उघडले गेले. भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, कुणाचं कुणाच्या ताटात ते कळेना. जेवणं झाल्यावर एकजण पाहुण्यांच्या खोलीत गेली, हाताची उशी करून आडवी झाली आणि चक्क घोरायला लागली. बाकीच्या तिच्या खोलीवरून जाताना दबक्या आवाजात बोलू लागल्या. कुणी चुकून रेघ ओलांडली की दुसरी खेकसायची, बाई भिंतीतून काय येतीस, दार दिसंना का? मग ती बिचारी मागं फिरायची आणि वळसा घालून दारातून यायची.

दुपारी ऊन असं तापलं की रानावरची हवा पाण्यासारखी हलायला लागली. पांढऱ्या रेघा जमिनीपासून सुटून बोटभर वर आल्यागत दिसत होत्या. डोळे किलकिले केले की भिंती दिसायच्या, खिडक्या दिसायच्या, लावायच्या झाडांची सावलीसुद्धा पडलेली दिसायची. हसायचं त्यानं हसावं, पण आकांक्षालाही दिसल्या. बोलता बोलता ती पडवीच्या खांबाला टेकायला गेली आणि पडता पडता वाचली. बायकांनी पोट धरून हसून घेतलं, तीही हसली. इतकी वर्षं ती नकाशे काढत होती, पण तिच्या नकाशात कुणी असं दिवसभर नांदलं नव्हतं. तिला फार बरं वाटत होतं.

सगुणाबाई तेवढ्या हसण्यात नव्हत्या. त्यांनी आपल्या खोलीत बसून पाहिलं, विहिरीकडं जाणाऱ्या चरातून चालून पाहिलं, आणि मग त्या रानाच्या कडेला गेल्या. तिथं फक्कीची वर्तुळं होती, एकामागं एक, चारही बाजूंनी. लिंब, करंज, शेवगा, मधूनमधून बोरी. सगुणाबाई एकेका वर्तुळाशी थांबत सगळीकडून फिरून आल्या.

“कंपाउंड कुठंय?”

हा प्रश्न आकांक्षा कधीपासून टाळत आली होती. तिला भिंत नकोच होती. ती वाढली त्या कॉलनीत दोन अंगणांच्या मधे कधी काही नव्हतं. उन्हाळ्यात बाजा बाहेर, आणि कुणाचं पोर कुणाच्या बाजेवर झोपलंय हे सकाळी कळायचं. बायकांनी मोकळा श्वास घ्यावा म्हणून घर बांधायचं आणि त्यालाच चारी बाजूंनी भिंत घालायची, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. रस्त्यावरून येणाऱ्या बाईला आधी सावली दिसावी, बंद फाटक नाही. हे तिनं बैठकीत सांगितलं होतं, आणि बोलता बोलता हेही म्हणून गेली होती, की भिंतच घालायची असेल तर माझी गरज काय, कुणीही गवंडी घालेल. तोंडातून गेलं ते गेलं. तिनं ते परतही घेतलं नव्हतं.

आताही तिनं झाडं किती दाट होतील, बोरीचे काटे कसे आडवे येतील, सगळं समजावून सांगितलं. सगुणाबाईंनी ऐकून घेतलं.

“तुझी झाडं लाव तू, मी न्हाई म्हणत न्हाई. पण ऐक, माय. सासरी मला कोंडायचे तवा कडी बाहेरून लावायचे. हाकलून दिलं तवा आतून लावली. दोन्ही येळंला हात त्यांचा. मंठ्याच्या स्टँडवर झोपले, शाळंच्या ओट्यावर झोपले, तिथं तर कडीच न्हाई. मला एक कडी पायजे. आतून. माझ्या हातानं लावायची. बास.”

“खोल्यांना कड्या आहेत ना आक्का. प्रत्येक खोलीला आहे.”

“खोलीला न्हाई. जागंला.”

असं का, ते आकांक्षाला माहीत होतं. जालन्यातल्या आधीच्या भाड्याच्या खोलीलाही कडी होती. पण अंगण उघडं होतं, आणि कपडे वाळत घालणाऱ्या शालूला तिच्या नवऱ्यानं त्या अंगणातून झिंज्या धरून रस्त्यापर्यंत ओढत नेलं होतं. बायका धावल्या म्हणून वाचली. हे आकांक्षानं ऐकलं होतं. ऐकून वाईटही वाटलं होतं. तरी तिची मान काही हलली नाही. भिंतीनं असली माणसं थांबतात का, असं ती पुटपुटली आणि नकाशाची गुंडाळी उगीचच घट्ट करत राहिली.

सगुणाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी भागवत मिस्त्रीपुढं हात केला. मिस्त्री दोघींकडं आळीपाळीनं बघायला लागला. पगार संस्थेचा, नकाशा मॅडमचा, आणि भिंतीचा पाया खणायचा की नाही हे उद्या सकाळच्या आत त्याला कळायला हवं होतं. शेवटी त्यानं घमेलं सगुणाबाईंच्या हातात दिलं.

त्यांनी मूठ भरली आणि वर्तुळांच्या बाहेरच्या अंगानं रेघ सोडायला सुरुवात केली. दोरी नाही, माप नाही. वाकून, एकेक पाऊल मागं सरत. रेघ कुठं जाड पडली, कुठं बारीक, कुठं बांधासारखी नागमोडी गेली. घमेलं संपलं की शालू ते भरून आणायची. बायकांचं हसणं हळूहळू थांबलं. बदनापूरच्या बाजूनं एका गाडीची शिट्टी ऐकू आली आणि विरली. ऊन उतरायला लागलं तरी सगुणाबाई वाकलेल्याच होत्या. शेवटी जिथून सुरुवात केली होती तिथं त्या येऊन पोचल्या, दोन्ही टोकं जुळवली आणि कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या. तोंड घामानं निथळत होतं आणि पार उजळलं होतं.

मिस्त्री घसा खाकरून म्हणाला, “आक्का, फाटक?”

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. भिंत पुरी झाली होती, सगळ्याजणी आत होत्या, आणि बाहेर पडायला जागाच ठेवलेली नव्हती. जन्मभर कडीचा ध्यास घेतला आणि ती लावायची कशाला तेच राहून गेलं! आधी शालूला हसू फुटलं, मग सगळ्यांना, मग सगुणाबाईंनाही. डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

पण गंमत अशी, की हसून झाल्यावरही रेघ कुणी ओलांडली नाही. मिस्त्रीची मोटारसायकल पलीकडं उभी होती आणि तंबाखूची पुडी तिच्या डिकीत. तो तरातरा रेघेपर्यंत गेला, डावीउजवीकडं बघितलं आणि मान खाजवत परत आला.

फाटक कुठं करायचं ह्यावर मग बरीच चर्चा झाली. रस्त्याच्या अंगाला केलं तर दारुडे नवरे तिथंच येऊन उभे राहणार. मागच्या अंगाला केलं तर तिकडं वाटच नाही. सगुणाबाई एका जागी उभ्या राहून बघायच्या, मान हलवायच्या, दुसरीकडं जायच्या. आकांक्षा बाभळीखाली बसून होती. घातलीय ना भिंत, मग काढा आता तोड, असंच तिच्या मनात होतं. खोटं कशाला सांगा, थोडी खुशही झाली होती.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं धूळ उठली आणि घंटांचा आवाज यायला लागला.

पुढं एक घोडी होती. तिच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड: भांडी, वाकळा, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि जाळीत घातलेली कोवळी कोकरं. घोडीचा कासरा धरून एक उंच, उन्हानं रापलेली बाई. मागं मेंढरांचा मोठा कळप आणि त्याच्याही मागं काठी खांद्यावर टाकलेला तिचा नवरा. बाईचं नाव आसराबाई. दरवर्षी हरभरा निघाला की त्यांची मेंढरं कारभाऱ्याच्या ह्याच रानात बसायची. रानाला खत व्हायचं आणि कारभारी त्यांना धान्य द्यायचा. रान आता संस्थेचं झालं हे त्यांना कळवायला हवं होतं. पण कोण कळवणार? कारभाऱ्याच्या लक्षात आलं नाही आणि संस्थेला ठाऊक नव्हतं.

रेघेपाशी येऊन आसराबाईनं घोडी थांबवली. खाली वाकून फक्की बोटावर घेतली, नाकाशी नेली. विषारी पावडर नाही ह्याची खात्री करून घेतली. मग तिनं मान वर करून पाहिलं. पेटता स्टोव्ह पाहिला, दूरवरची चपलांची रांग पाहिली, अनवाणी बायका पाहिल्या, खोलीत झोपलेली बाई पाहिली. मागं वळून तिनं नवऱ्याला हातानंच थांब म्हटलं. कळप जागच्या जागी उभा राहिला. मग ती रेघेच्या पलीकडूनच, पाय मागं ठेवून, म्हणाली,

“बाई, आत यायचं कुठून?”

ह्या बायकांना आजवर लोकांनी हेच विचारलं होतं, की कधी जाताय, कुठं जाताय, खोली कधी रिकामी करताय. आत कुठून यायचं, असं कुणी विचारलेलं त्यांच्या कानांवर आलं नव्हतं. शालूनं तर आपल्याला बरोबर ऐकू आलं का म्हणून बाजूच्या बाईकडं पाहिलं.

आकांक्षा मात्र उठून उभी राहिली. आयतीच साक्ष चालून आली होती. ती सगुणाबाईंच्या जवळ गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, की बघा आक्का, भिंत असती तर ह्या माणसांनी जायचं कुठं? सगुणाबाईंनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या थेट रेघेपाशी जाऊन आसराबाईसमोर उभ्या राहिल्या. एक अलीकडं, एक पलीकडं. कुठून आलात, कधी निघालात, पुढं कुठं, अशी विचारपूस झाली. आसराबाईनं सांगितलं, की ह्या रानात विहिरीला पाणी असतं म्हणून येतो, आणि कारभाऱ्याची सोबत असायची म्हणूनही. म्हातारा खाट टाकून बांधावर झोपायचा. वर्षातून त्या तेवढ्या मुक्कामात आपण झोप घेतो. बाकी ठिकाणी रात्रभर कळपाच्या कडेकडेनं फिरत राहावं लागतं, कोण कधी येईल सांगता येत नाही. लांडगा की माणूस, ते ती बोलली नाही, आणि सगुणाबाईंनी विचारलं नाही.

भागवत मिस्त्री मधे पडला. मेंढरं आत घेतली तर आखणी सगळी पुसून जाणार, उद्या जेसीबी दारात येऊन उभा राहील, त्याला काय सांगू, असं त्याचं म्हणणं. आणि ते बरोबर होतं. सगुणाबाई वळल्या. दिवसात पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा पडला होता.

“आकांक्षा, पुसंल का गं सगळं?”

आकांक्षानं एकदा सगळीकडं पाहिलं. पडवी, दालनं, खिडकीच्या खुणा, एकेक झाडाचं वर्तुळ.

“पुसेल.”

“परत काढता यील?”

“खुंट्या आहेत कोपऱ्यांना,” ती म्हणाली. “येईल काढता.”

सगुणाबाईंनी अनवाणी पाय रेघेवर ठेवला आणि घासला. आधी एका अंगाला, मग दुसऱ्या. आसराबाई जिथं उभी होती बरोबर तिथंच. कळप मावेल एवढं मोकळं झालं तेव्हा त्या बाजूला झाल्या आणि पदर डोक्यावर घेतला.

“या.”

मेंढरं आत आली. पहिल्यांदा झाडांची वर्तुळं गेली, मग बैठकीची पडवी गेली. शालूनं घाईघाईनं स्टोव्ह उचलला आणि स्वयंपाकघर गेलं. पाहुण्यांच्या खोलीत झोपलेली बाई दचकून उठली, चारी बाजूंनी मेंढरं बघून तिला आपण कुठं आहोत तेच कळेना. ती उठली आणि शहाण्यासारखी दारातून बाहेर आली. तिच्यामागं ते दारही पुसलं गेलं. खुरांनी फक्की उडत होती. उतरत्या उन्हात तिचा पांढरा धुरळा रानभर तरंगत राहिला. त्यात बायका, मेंढरं, घोडी, सगळंच दिसत होतं आणि दिसत नव्हतं. मग कळप हळूहळू थांबला, फिरला, आणि एकेक मेंढरू गुडघे मोडून खाली बसलं. जिथं दालनं होती तिथं मेंढरं बसली, जिथं वाट वळत होती तिथं बसली, बाभळीखाली तर दाटीवाटीनं बसली. आकांक्षाचं घर कुठं होतं ते आता तिलाही दाखवता आलं नसतं. उरली होती फक्त कडेची ती वाकडीतिकडी रेघ, कारण आसराबाईच्या नवऱ्यानं काठी आडवी धरून एकाही मेंढराला तिच्यावर पाय देऊ दिला नव्हता.

आणि उरली होती ती फट. आकांक्षा तिच्याकडं बघत होती. आता ही अशीच राहणार, असं तिनं मनाशी धरलं. ज्या बाईला भिंत हवी होती तिनंच ती आपल्या पायानं मोडली, आता आणखी काय बोलायचं राहिलं? तिला जिंकल्यासारखं वाटत होतं आणि त्याची थोडी लाजही वाटत होती.

सगळ्यात शेवटी एक लंगडी मेंढी खुरडत आत आली. सगुणाबाई तिच्यासाठी थांबल्या. मग त्यांनी घमेलं मागून घेतलं, तळाची फक्की खरवडून काढली, आणि वाकून ती फट पुन्हा भरून टाकली. दोन बाजूंना खांबांच्या दोन जाड खुणा केल्या. मग उठून उभ्या राहिल्या आणि हवेतच, छातीच्या उंचीवर, आतल्या अंगानं, हात डावीकडून उजवीकडं सरकवला.

कडी लागली.

कुणी हसलं नाही. आसराबाई घोडी बांधून येत होती. ती तिथं थांबली. परक्या घरी मुक्कामाला गेलेली बाई झोपण्याआधी करते तसं तिनं केलं. जिथं सगुणाबाईंचा हात फिरला होता तिथं आपला हात नेला, जरा ढकलून बघितलं, आणि मान हलवली. मग तिनं वाकळ काढली. ती नेहमीसारखी कळपाच्या बाहेरच्या कडेला नेली नाही, मधोमध नेली, बाभळीच्या बुडाशी. सूर्य पुरता बुडालाही नव्हता. अंगावर पदर ओढून घेऊन ती आडवी झाली. तिचा नवरा काठी टेकून बघतच राहिला. दिवस असताना आडवी झालेली बायको त्यानं पाहिली नसावी.

संस्थेची जीप आली तशा बाकीच्या बायका जायला निघाल्या. सगुणाबाईंनी त्यांना फाटक उघडून दिलं आणि आपण आज इथंच राहणार म्हणून सांगितलं. शालूही राहते म्हणाली. आकांक्षाला संध्याकाळच्या गाडीनं जायचं होतं, पण ती जीपबरोबर निघाली नाही. ती बाभळीला टेकून, ह्या खेपेस खऱ्या झाडाला, तशीच बसून राहिली. मेंढरांच्या श्वासांचा आवाज येत होता. आसराबाईकडं तिनं दोनतीनदा वळून पाहिलं. कॉलनीत, अंगणातल्या बाजेवर, आपली आई कधी झोपलेली दिसायची का, हे ती आठवून पाहत होती. तिला आठवेना. पोरं झोपलेली आठवत होती, बाप झोपलेले आठवत होते. आई बाजेच्या कडेला बसलेलीच आठवत होती.

गाडीची वेळ होत आली तेव्हा ती उठली. तिची पिशवी मिस्त्रीच्या मोटारसायकलीला अडकवलेली होती आणि मिस्त्री पलीकडं वाट बघत उभा होता. ती रेघेपाशी आली. समोर चुन्याची भुकटी, बोटभर उंचीचीही नाही. तिनं पाऊल उचललं. तसंच पुन्हा खाली ठेवलं.

“आक्का,” तिनं हाक मारली, “कडी काढता का? मला जायचंय.”

सगुणाबाई विहिरीवर हातपाय धूत होत्या. त्या आल्या, ओले हात पदराला पुसले आणि कडी सरकवली. आकांक्षा दोन खांबांच्या मधून बाहेर गेली. बाहेर गेल्यावर तिनं नकाशाची गुंडाळी सोडली, मोटारसायकलीच्या सीटवर पसरली आणि पेन्सिल काढली. मिस्त्री वाकून बघायला लागला.

“फाटक केवढं ठेवायचं, आक्का?”

“आज मेंढरं आली तेवढं. आन् त्यातच एक बारकं दार कर. एकट्या बाईसाठी.”

आकांक्षानं वर्तुळांच्या बाहेरून एक रेघ ओढली. हात सराईत होता, पण तिनं पट्टी लावली नाही. रेघ थोडी वाकडीच आली. मिस्त्रीला तिनं सांगितलं, की उद्या आधी भिंतीचाच पाया खण, घर मागून आखू. मग तिनं नकाशा गुंडाळला, पिशवी खांद्याला लावली आणि मिस्त्रीच्या मागं बसली. गाडी सुरू झाली, आणि थोडी पुढं जाताच तिनं ती थांबवायला लावली.

रानात आता नुसता पांढुरका धुरळा उरला होता. सगुणाबाई फाटकापाशीच उभ्या आहेत की आत गेल्या, ते नीट दिसत नव्हतं.

“लागली का कडी?” तिनं ओरडून विचारलं.

कळपाच्या मधून, बाभळीच्या बुडाशी, आसराबाईनं कोपरावर डोकं उचललं, फाटकाकडं बघितलं.

“लागली, बाई,” ती म्हणाली. “बराबर लागली.” आणि तिनं डोकं परत वाकळीवर टेकवलं.